नाणं ठेवलं

ग्रीकांच्या पुराणातला केरॉन मेलेल्यांना होडीतून नदीपार नेतो. परत कुणाला आणत नाही. कॉमिकवाल्यांनी त्याचा सुपरहीरो केला तेव्हा होडीच उलटी फिरवली. त्यांचा ‘परतीचा नावाडी’ माणसांना मरणाच्या दारातून माघारी आणायचा. त्याचे वेडे चाहते गावोगाव विखुरलेले, आणि इंटरनेटवरचा त्यांचा अड्डा म्हणजे ‘घाट’. घाटाची मालकीण डोरीन कोवालचुक. थंडर बे नावाच्या गावात शाळेची बस चालवायची, आणि बसमधली शिस्त घाटावरही चालवायची.

घाटाची एक रीत होती. कुणी अड्डा कायमचा सोडून निघाला की लिहायचा, ‘मी होडीत बसतोय.’ मग बाकीच्यांनी एकेका नाण्याचं चित्र टाकायचं आणि खाली लिहायचं, ‘नाणं ठेवलं.’ नदीपार जायचं भाडं! लग्न ठरलेले, कंटाळलेले, भांडून निघालेले, सगळ्यांना हाच निरोप. सगळा थट्टेचा मामला. निम्मे तर आठवडाभरात तोंड लपवत परत यायचे.

त्या रविवारी सकाळी ‘अर्धवल्हं’ नावाच्या जुन्या सभासदानं लिहिलं, ‘मी होडीत बसतोय. नावाड्याला सांगा, मागे वळू नकोस.’ त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. घाटावर कुणाचं नाव-गाव विचारायचं नाही, हा डोरीनचाच नियम. पहिलं नाणं तिनंच ठेवलं. मग धडाधड नाणी पडली. ‘सुखी राहा बाबा!’ ‘तिकडं वाय-फाय आहे का बघ!’

डोरीननं कॉफी ओतून घेतली, एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून तो निरोप पुन्हा वाचला. ‘वळू नकोस’ असं नावाड्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वळणं हाच तर त्याचा धर्म. नुसता अड्डा सोडणारा माणूस असं कशाला म्हणेल? तिनं त्याचे जुने खासगी निरोप उघडले. मागे एकदा त्यानं विचारलं होतं, ‘नावाडीच थकला तर त्याला कोण आणतं गं?’ तिनं हसरा चेहरा टाकून लिहिलं होतं, ‘पुढच्या अंकात कळेल!’

‘नाणी थांबवा,’ तिनं घाटावर लिहिलं. ‘हा खरंच जीव द्यायला निघालाय. कुणाला माहीत आहे का हा कुठं राहतो?’

‘वा डोरीन, काय अभिनय!’ एकानं लिहिलं आणि वर आणखी एक नाणं ठेवलं.

तिला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. त्याहून जास्त स्वतःचा.

मग तिला ‘तीनतोंड्या’ नावाचा घाटावरचा एक जुना सभासद आठवला. त्यानं आणि अर्धवल्ह्यानं नावाड्याच्या मूर्तींची टपालानं अदलाबदल केली होती. पण एका भांडणात त्यानं कुणाचातरी पत्ता चव्हाट्यावर मांडला, म्हणून डोरीननं त्याला घाटावरून हाकललं होतं. त्याचा शिव्यांनी भरलेला मेल तिनं पुसला नव्हता. खाली त्याचा फोन नंबर होता.

“कोण, मालकीणबाई? आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!”

“अर्धवल्ह्याचा पत्ता दे.”

“पत्ता? पत्त्यापायीच तर हाकललंस ना मला? सगळ्यांदेखत?”

“हाकललं. हवं तर पाया पडते तुझ्या. तो मरायला निघालाय रे, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवून त्याला निरोप देत बसलोय. पहिली मी.”

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला. “डुलुथ,” तो म्हणाला. आवाजातली मस्ती पार गेली होती. पत्ता सांगून म्हणाला, “लायल ऑस्टबी त्याचं नाव. आता ठेव फोन, पोलिसांना लाव. माझ्याशी काय बोलत बसलीस!”

डुलुथ! थंडर बेच्याच सरोवराच्या काठचं गाव. कुठल्याही शनिवारी गाडी काढून जाता आलं असतं.

“तुम्ही त्यांच्या कोण?” डुलुथच्या पोलीसबाईंनी फोनवर विचारलं.

“मैत्रीण.”

“त्यांना शेवटचं कधी भेटलात?”

“भेटले नाही कधी.”

“माणसं निघालीत,” बाई म्हणाल्या. “पण पुढचं आम्हाला फक्त घरच्यांना सांगता येतं.”

“मग माझा नंबर त्यांच्या घरच्यांना द्या,” डोरीन म्हणाली. “एवढं तरी करा.”

मग ती स्वयंपाकघरात नुसती येरझारा घालत राहिली. आईला पुरल्यापासून तिनं देवाचं नाव घेतलं नव्हतं. आता घेतलं ते नावाड्याचं, कागदावरच्या रंगीत चित्राचं. तिची तिलाच लाज वाटली, तरी ती म्हणत राहिली, “वळ रे बाबा. वळ मागे.”

दुपारी फोन वाजला. म्हाताऱ्या बाईचा आवाज होता.

“मी लायलची आई. मी चर्चला गेले होते. पोलिसांनी दार फोडलं. हॉस्पिटलात आहे तो. श्वास चालू आहे. त्यापुढं डॉक्टर काही बोलत नाहीत.”

डोरीननं हॉस्पिटलचं नाव विचारून घेतलं.

“एक विचारू?” म्हातारी म्हणाली. “एका घरात राहून माझ्याशी तो धड बोलायचा नाही. रात्रंदिवस कीबोर्डवर तुमच्याशीच टकटक चालायची. त्याला काय होत होतं हो? तुम्हाला तरी सांगितलंच असेल.”

डोरीन आठवू लागली. नावाड्याचा झगा कुठल्या अंकात काळा होता, कुठल्या अंकात करडा. होडी कुणी बांधली. कितीतरी वर्षं, हजारो निरोप.

“आम्ही नावाड्याबद्दल बोलायचो,” ती म्हणाली.

“कोण नावाडी?”

“आई,” डोरीन म्हणाली, “लायलचं स्वतःचं कसं चाललंय, ते आम्ही कधी विचारलंच नाही हो.”