बाईंचा एकतीस मिनिटांचा तास

माझी बायको याच शाळेत गणित शिकवायची, मी इथला शिपाई. शेवटच्या वर्षी तिला जिने चढवेनात, म्हणून तिने सगळे तास घरीच शाळेच्या मोबाइलवर रेकॉर्ड केले. मोबाइल मी धरायचो. प्रश्न विचारून ती थांबायची आणि मोबाइलच्या वरून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुढे जायची.

एकदा रेकॉर्डिंग बंद केल्यावर म्हणाली, "अहो, खरं सांगा, कळलं का?"

"नाही."

"मग मान कशाला हलवलीत? नंदीबैल कुठले!"

ती गेल्यावर मोबाइल मी शाळेला परत केला. दीड वर्ष झालं, तिच्या जागी कुणी आलं नाही. टॅब्लेटवर तीच शिकवते. मी टॅब्लेट वाटतो आणि तास संपेपर्यंत दाराशी उभा राहतो.

गेल्या सोमवारी ती न थांबता बोलत सुटली. "किती उरले? बरोबर, सात. कळलं का? छान, आता पुढचं."

"काका, बाई आता बोअर नाही करत!" पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला. मागच्या मुलीने हात वर केला, इकडेतिकडे पाहिलं आणि खाली घेतला.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो.

"ॲपने बोलण्यातल्या मधल्या शांत जागा काढून टाकल्यात," ते म्हणाले. "पंचेचाळीस मिनिटांचा तास एकतीस मिनिटांत उरकतो. मुलं खूश, वरचे साहेब खूश."

"मला जुने तास द्या. एक दिलात तरी चालेल."

"जुन्यांवरच नवे चढले हो. तशी परवानगी मागितली होती ॲपने." त्यांनी चष्मा पुसला. "शनिवारी 'हो' कुणी दाबलं?"

मीच. दर शनिवारी टॅब्लेट चार्जिंगला लावताना काही ना काही विचारतंच. मी न वाचता दाबतो. मुख्याध्यापकांनीच तसं सांगून ठेवलंय, पण बोट माझं होतं.

आज शाळा सुटल्यावर वर्ग झाडून झाला आणि मी एक टॅब्लेट घेऊन बाकावर बसलो. तिने प्रश्न विचारला, नजर वर उचलली. मला ती नजर ओळखीची आहे. मी मान हलवायला गेलो, तोवर ती पुढच्या गणितावर पोचली होती.