वेगाचा रकाना

शून्य

आत्याची गाडी आमच्या दारात उभी आहे. आत्या सहा महिन्यांसाठी लेकीकडे गेली तेव्हा बाबांच्या हातात किल्ली ठेवून तिने बजावलं होतं, साठच्या वर न्यायची नाही. परत आल्यावर गाडी शहाण्यासारखी चालवलेली दिसली तर कायमची तुमची, नाहीतर विकून मोकळी होईन. बाबांनी मान डोलावली, आईने डोलावली. मी दोनदा डोलावली, कारण गावाबाहेरच्या काचेच्या कारखान्यात मला नुकतीच नोकरी लागली होती. फाटक साडेआठला बंद होतं. दोन बस बदलून मी पोचते आठ चाळीसला.

आत्या येत्या रविवारी येणार.

साठ

या वेगाला गाडी लोण्यासारखी चालते. इथे सांगण्यासारखं काही नाही. पुढे चला.

पंच्याऐंशी

मंगळवारी मोठ्या रस्त्यावर स्टीअरिंग थरथरायला लागलं. ऐंशीला सुरुवात, पंच्याऐंशीला दात वाजतील इतकं. शंभरचं मी काही लिहिणार नाही. वेग उतरवला की गाडी एकदम साळसूद.

आता अडचण बघा. थरथर होते हे घरी सांगायचं, तर कधी होते तेही सांगावं लागणार. म्हणजे तक्रार करणं हाच कबुलीजबाब.

म्हणून मी गुपचूप कोपऱ्यावरच्या बॅलन्सिंगवाल्याकडे गेले. चाक गरगरा फिरवून त्याची जड बाजू दाखवणारं त्याचं मशीन बंद होतं, पार्ट यायचा होता. तोवर त्याने साधा उपाय सुचवला. पुढची चाकं मागे लावू, मागची पुढे. स्टीअरिंग शांत झालं आणि सीट थरथरली, तर चोर त्या दोन चाकांत. मी म्हटलं, घरी कोणाला बोलू नका. तो म्हणाला, डॉक्टर बोलतो का?

त्याचं कार्ड

मंगळवार. तक्रार: स्टीअरिंग. वेग: (कोरा). केलं: पुढची मागे. घरी सांगू नये.

बुधवार. तक्रार: सीट. वेग: (कोरा). केलं: मागची पुढे. घरी सांगू नये.

गुरुवार. तक्रार: स्टीअरिंग. वेग: (कोरा). केलं: पुढची मागे. घरी सांगू नये, काल सांगितलं तसंच.

शुक्रवार. तक्रार: सीट. वेग: (कोरा). केलं: मागची पुढे. घरी सांगू नये. माझं डोकं दुखतं.

मंगळवार आणि गुरुवार माझे. बुधवारी आई गेली होती, शुक्रवारी बाबा. हे कार्ड मी नंतर पाहिलं. गुरुवारी, मागे पाठवलेली थरथर पुन्हा हातात आली तेव्हा, गाडीला भूतबाधा झाली अशी माझी खात्री पटली होती. आणि रोज संध्याकाळी आम्ही तिघं एकमेकांना भाजी वाढत होतो, गाडी कशी झक्कास चाललीय म्हणत.

शुक्रवारी त्याने प्रत्येकाला स्वतंत्र निरोप धाडला. मशीन सुरू होतंय, शनिवारी अकराला या. नाव त्याने कोणाचं घेतलं नाही. वेळ मात्र सगळ्यांना एकच दिली.

शनिवार, अकरा

मी वाचनालयात जाते म्हणून गाडी घेऊन निघाले होते. बाबा केस कापायला म्हणून निघाले होते, आणि त्यांना केस उरलेले नाहीत. आई दोरा आणायला निघाली, पण तिला दारातच आत्या भेटली, एक दिवस आधी आलेली.

"वन्सं म्हणाल्या, मीही येते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

मशीन अजून उघडंच पडलं होतं. बॅलन्सिंगवाल्याने गाडी उचलली, चारही चाकं काढली आणि कार्ड पुढे केलं. वेगाचा रकाना भरल्याशिवाय आपण बोटसुद्धा लावणार नाही म्हणाला. थरथर कमी वेगालाही असेल तर रिम वाकलीय. ऐंशीच्या पुढेच असेल तर चाकाच्या वजनाचा घोळ.

आई टायरवरची अक्षरं वाचू लागली. बाबांना छतात काहीतरी सापडलं.

"सांगा की," आत्या म्हणाली. "साठच ना?"

साठ म्हटलं तर रिम वाकडी ठरणार, म्हणजे गाडी बिघडवली. खरं सांगितलं तर शब्द मोडला. दोन्हीकडून फाटक बंदच.

"पंच्याऐंशी," मी म्हटलं.

"माझं ब्याऐंशी," आई पुटपुटली. "उतार होता."

बाबा म्हणाले, मी काट्याकडे बघतच नव्हतो. बॅलन्सिंगवाल्याने तसंच लिहून घेतलं.

मग त्याने टॉर्च घेऊन एकेक चाक आतून पाहिलं. तिसऱ्या चाकाच्या रिमला आतल्या बाजूने गोंदाचे दोन चौकोन होते, बाकी काही नाही. चाक सगळीकडून सारखं भरावं म्हणून इथे करड्या पट्ट्या चिकटवतात, वजनाच्या. त्या कोणी काढल्या?

बाबा वाकून ते चौकोन बघू लागले.

"ती घाण नव्हती?"

आत्या यायच्या आधी गाडी लख्ख करावी म्हणून सोमवारी त्यांनी उलथन्याने खरवडून काढली होती.

"माझ्या उलथन्याने?" आईला आठवड्यात पहिल्यांदाच राग आला.

आत्याने विचारलं, "बाळ्या, मग एकाच चाकाची का रे?"

"पहिल्यालाच कंबर धरली, ताई."

जुन्या खुणेवर नव्या पट्ट्या बसल्या. आत्याने कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं, माझ्यापुढे हात केला आणि किल्ली मागितली. मी दिली.

"विकत नाही," ती म्हणाली. "पण तुमच्यापैकी कोणाच्या हाती देतही नाही. ठमे, सोमवारी पावणेआठला खाली ये."

सोमवार

आत्याने सीट पुढे ओढली, तिन्ही आरसे लावले आणि निघाली. मोठ्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर सोडून सगळ्यांनी आम्हाला मागे टाकलं. गाडी कुठेच थरथरली नाही. आत्या सहा महिन्यांचं सगळं सांगत होती, लेकीचं स्वयंपाकघर, तिचे शेजारी, मग जावई.

फाटकाशी पोचलो तेव्हा आठ सत्तावीस झाले होते. मी दाराला हात घातला.

"थांब जरा," आत्या म्हणाली, "जावयाचं अर्धंच राहिलंय."

पहारेकरी फाटक ओढायला उठला होता.