आईच्या खिडकीसमोरचा खड्डा

खड्डा माझ्या माघारी खणला होता. कामावरून आले तर आईच्या खिडकीसमोर दादा कमरेवर हात ठेवून उभा, आणि शेजारी कुंडीत एक गर्द हिरवं रोप.

"बारमाही हिरवं. पान गळत नाही याचं. कचरा नाही, कटकट नाही," तो म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. इथलं, वादळात पडलेलं जुनं झाड उन्हाळ्यात सावली द्यायचं आणि थंडीत पानं झडून मोकळं व्हायचं, म्हणून तर आईच्या खोलीत ऊन यायचं. आई शिवणकाम करणारी. आजही गल्लीतल्या लोकांच्या शर्टांना हातानं काजं करते. थंडीत तिची बोटं आखडतात. त्या उन्हात शेकली, की मगच सुई धरता येते. ऊन सरकेल तशी ती खुर्ची सरकवते. दादाला हे कुठून ठाऊक असणार? राहतो गावाच्या दुसऱ्या टोकाला, पण थंडीत त्याला ते अंतर फार वाटतं. उन्हाळ्यात येतो, पंख्याखाली लोळतो आणि सल्ले देतो.

"थंडीत हे हिरवं भूत खिडकी अडवून बसेल," मी म्हणाले. "आईनं हात कुठे शेकायचे? तुझ्या डोक्यावर?"

"हीटर आणून देतो ना."

"मागच्या वर्षीही देणार होतास!"

"आणि तो अंगणभर पडणारा पाला?"

"तो तू कधी झाडलास? खराटा कुठल्या बाजूनं धरतात हे तरी माहितीये का तुला?"

दादानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "माझ्यावर नको ओरडूस. आईनंच सांगितलं हे आणायला."

मी तरातरा आत गेले. आई खुर्चीत बसली होती, मांडीवर कुणाचा तरी शर्ट.

"तू सांगितलंस?"

"हो. पानगळीत रोज कामाला जायच्या आधी अंगण झाडतेस, मग कंबर धरून उठतेस. दिसतं मला इथून." तिनं दोरा तोडला. "काजं काय, बंद करीन."

मला रडू यायला हवं होतं. आला तो संतापच. काजं सुटली तर ही बाई दिवसभर भिंतीकडे बघत बसणार, आणि तेही माझ्या नावावर!

"मला विचारायचं तरी होतंस!"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

मी बाहेर आले. कुंडी उचलून दादाच्या गाडीत मागच्या सीटवर ठेवली. त्याच्या स्वच्छ सीटवर माती सांडली, सांडू दे.

"बदलून आण. पानं गाळणारं हवं. आणि पानगळ सुरू झाली की दर रविवारी येऊन तू झाडायचंस."

"मी?"

कोपऱ्यातला खराटाही मी कुंडीशेजारी टाकला. "तोवर घरी सराव कर."

तो तोंडातल्या तोंडात पुटपुटत खड्ड्यात माती लोटायला वाकला, तेवढ्यात खिडकीतून आईचा आवाज आला.

"अरे, खड्डा बुजवू नकोस. पानं गाळणारं आणतोयस ना!"