घंटी तोडलेली बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. टॉर्चमध्ये घालतात तसली नव्हे. माझं वजन अठ्ठावीस किलो, पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल. सध्या कालाहारी वाळवंटाजवळच्या माऊन गावातल्या एका गॅरेजच्या मागे, टायरांच्या ढिगाला टेकून पडले आहे. एक शेळी रोज येऊन माझ्या अंगावर मान घासते. तिला हाकलता येत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढीच सोबत उरली आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, ते फारसं आठवत नाही. आठवतं ते सफारीच्या गाडीच्या मागच्या सीटखाली बसवलं तेव्हापासूनचं. गाडीला स्वतःची एक बॅटरी असतेच, पण तिचं काम सकाळी इंजिन सुरू करण्यापुरतं. मी दुसरी, मुक्कामाची. कालाहारीच्या वाळूत, जिथे विजेचा खांब दोनशे किलोमीटरवर, तिथे तंबूतले दिवे, फ्रिज, रेडिओ, पाहुण्यांचे फोन आणि कॅमेरे सगळे माझ्या जिवावर चालायचे. छतावर एक सोलर पॅनल होतं, त्यातून मला ऊन मिळायचं. आमच्याकडे आशीर्वाद द्यायचा तर लोक ‘पुला’ म्हणतात, म्हणजे पाऊस पडो. या अख्ख्या देशात ऊन मागणारी मी एकटीच असेन.

सुरुवातीची वर्षं मजेत गेली. बेचाळीस अंशांच्या उन्हात थंडगार बिअर हातात पडली की पाहुणे खूश होत, फ्रिजशेजारी उभं राहून फोटो काढत. सीटखाली वाकून कुणी पाहिलं नाही. गाडी हाकणारा रा ओलेबिले चांगला माणूस, पण त्याचा सगळा जीव इंजिनात. माझी आठवण ठेवायची ती स्वयंपाकाची मा सेथुन्या. ‘रा’ आणि ‘मा’ हे आमच्याकडे बाप्याला आणि बाईला मानाने लावतात. माझ्या टोकांवर हिरवट पांढरी बुरशी साचली की पाव भाजायला आणलेल्या सोड्यातला चमचाभर सोडा गरम पाण्यात घालून ती घासून काढायची. ओलेबिले चिडवायचा, “मा, आमच्या पावात सोडा कमी आणि बॅटरीत जास्त.”

“पाव नाही फुगला तर तू कुरकुरशील, रा. ही बिचारी कुरकुरतसुद्धा नाही.”

हे पूर्ण खरं नव्हतं. मलाही आवाज होता. माझ्या अंगाला एक काळी डबी जोडलेली होती. माझ्यातली वीज फार खाली गेली की तिच्यातली घंटी टीं टीं करायची. एकदा नाश्त्याच्या वेळी ती वाजत राहिली आणि एक बाई वैतागून म्हणाल्या, “आम्ही इतक्या लांब शांततेसाठी आलोय.” पाहुण्यांचं मन मोडायचं नाही ही आमच्या लोकांची रीत. ओलेबिलेने हसतमुखाने पक्कड आणली, सीट उचलली आणि घंटीची तार कापली. “झालं बघा. आता सिंह ऐका.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तार पुन्हा जोडायचं तो विसरला, आणि त्यानंतरची दोन वर्षं मी मुकी होते.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त मला माहीत होती. सेथुन्याला मधुमेह होता. फ्रिजमध्ये मांसाच्या पिशव्यांमागे फडक्यात गुंडाळलेली एक निळी डबी असायची, तिच्यात इन्सुलिन. सुई ती मागच्या सीटवर बसून, सगळ्यांकडे पाठ करून घ्यायची. मालकाला कळलं तर आपल्याला रानात पाठवणार नाहीत आणि घरी बसवतील, ही तिला भीती. घरी म्हातारी आई आणि दोन मुली होत्या. म्हणून ती ओलेबिलेशीही बोलली नव्हती.

त्या ऑक्टोबरात आम्ही चार पाहुण्यांना घेऊन निघालो. मुक्कामाला पोचल्यावर ओलेबिलेने नेहमीप्रमाणे गाडी सर्वांत मोठ्या बाभळीखाली लावली. पाहुण्याला सावली न देणारा ड्रायव्हर आमच्याकडे असंस्कृत समजतात. पण सावली पाहुण्यांवर पडली तशी छतावरच्या पॅनलवरही पडली. दोन दिवस मला ऊन जवळजवळ मिळालंच नाही. त्यातच एका उंच पाहुण्याने कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या चार्जिंगला लावून ठेवल्या होत्या. पहिल्या दुपारीच फ्रिज बंद पडला. मी ओरडणार कशी?

सेथुन्याला ते दुसऱ्या दुपारी कळलं. फडकं सोडून तिने डबीतली बाटली हातात घेतली तेव्हा ती चहाच्या कपासारखी गरम होती. मग तेच औषध तिने टोचून घेतलं, दुसरं नव्हतंच, आणि बाहेर जाऊन म्हणाली, “रा, फ्रिज थंड कर बाबा. मांस वाया जाईल.”

“मांस ना? मग आजच सगळं उकडून, कुटून सेस्वा करून टाक. मी एकटा दोन किलो खातो.”

“थट्टा नको. थंड कर.”

ती मांस म्हणाली. औषध म्हणाली असती तर ओलेबिलेने तिथल्या तिथे तंबू गुंडाळले असते. तिला दुखवायला नको म्हणून त्याने एक जाड तार आणली आणि मला गाडीच्या बॅटरीशी जोडलं. सकाळी काढीन म्हणाला. फ्रिज घुरघुरू लागला. उजाडेपर्यंत त्याने आम्हा दोघींनाही पिऊन टाकलं, आणि आत थंड झालेलं ते औषध उष्णतेने केव्हाच निकामी झालेलं होतं.

सकाळी सेथुन्या तंबूतून उठली नाही. तिला सारखी ओकारी होत होती, तहान भागत नव्हती, श्वास जोरजोरात चालला होता. तेव्हा तिने ओलेबिलेला खरं सांगितलं. तो धावत गाडीत बसला, चावी फिरवली. नुसता टक् असा आवाज आला. मदत मागायला रेडिओ उचलला, तोही मेलेला. फोनला तिथे कधीच रेंज नसते. गाडी ढकलावी तर चाकं वाळूत रुतलेली, आणि चालत जावं तर रान सिंहांचं.

मग ओलेबिले छतावर चढला. पॅनलचे बोल्ट गंजले होते. ते सोडवताना त्याची बोटं सोलून निघाली. पॅनल उन्हात नेलं तर तार आखूड पडली, म्हणून उंच पाहुण्याने मला उचलून तिथवर नेलं. माझं आम्ल सांडून त्याचा शर्ट जळला. “मी फक्त कॅमेरा लावला होता,” असं तो सारखं म्हणत होता.

मित्रांनो, आयुष्यभर मी ऊन प्यायले, पण त्या दिवसाइतक्या अधाशीपणाने कधीच नाही. तरी माझं पोट भरायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही. दहा वाजले, बारा वाजले. ओलेबिले सेथुन्याच्या ओठांना ओलं फडकं लावायचा, पळत माझ्याकडे यायचा, पुन्हा पळत जायचा. अडीच वाजता त्याने मला इंजिनाला जोडलं. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

पाहुणे तंबूंपाशीच थांबले, तिला मागच्या सीटवर निजवलं. खाली मी.

“मा, मला सांगायचं होतंस,” ओलेबिले गाडी हाकता हाकता म्हणाला.

“सांगितलं असतं तर तू मला आणलं असतंस का?”

“नसतं आणलं.”

“म्हणून,” ती म्हणाली. “रात्रीच पीठ भिजवून ठेवलंय. पाव तेवढा भाजून घाल पाहुण्यांना.”

जिथून दवाखान्याचा रस्ता लागतो ते जंगलाचं फाटक यायला अजून तासभर होता. त्याआधीच तिचा तो जोराचा श्वास मंदावला आणि थांबला. ओलेबिलेला ते कळलं नाही. तो कितीतरी वेळ तिच्याशी बोलतच होता, आणि मी त्याला सांगू शकत नव्हते.

पुढचं थोडकंच आहे. पुरत्या उतरलेल्या बॅटरीत पुन्हा पहिल्यासारखा जोर येत नाही. मला काढून इथे टाकलं. टोकांवर बुरशी चढली आहे, पण सोडा लावायला कुणी येत नाही.

काल मात्र ओलेबिले आला होता. आता तो गाडी उन्हात लावतो म्हणे. पाहुणे रागावतात, त्याचा चेहरा करपून काळा पडला आहे. तो माझ्यापाशी उकिडवा बसला. माझ्या अंगाला लटकणारी ती काळी डबी त्याने हातात घेतली, तारेची दोन टोकं दातांनी सोलली आणि पिळून जोडली.

बारीकशी टीं टीं सुरू झाली. शेळी दचकून पळाली. मी रिकामी आहे एवढं सांगण्यापुरता जीव माझ्यात शिल्लक होता.

मित्रांनो, ज्याचा आवाज तुम्हाला नकोसा होतो, त्याची तार कापू नका. आधी त्याला काय हवंय ते बघा. आणि जो माणूस कधीच कुरकुरत नाही, त्याच्याजवळ जरा बसा. नुसतं बरं आहेस का एवढं विचारून उठू नका. मला घासायला येणाऱ्या बाईला तेवढंसुद्धा कुणी विचारलं नाही, आणि मला तर तोंडच नव्हतं.

घंटी हळूहळू बारीक होत गेली. ओलेबिले तिला कान लावून बसला होता. आवाज पूर्ण थांबल्यावरही तो लगेच उठला नाही.