खोडलेली मागणी

मेर्लिंदानं तिसऱ्या ओळीवर दोनदा पेन फिरवलं आणि नवा कागद घेऊन मुलांच्या मागण्या पुन्हा उतरवून काढल्या. शाळेच्या नळाला पाणी. वाचनालयात पंखा. एवढंच.

गावसभेत मुलांचंही म्हणणं ऐकायचं, असा वरून हुकूम आला होता. मेर्लिंदा गावच्या मंडळावर, म्हणून ते काम तिच्या गळ्यात. रविवारी तिच्याच ओसरीवर चौदा मुलं जमली होती. अकरा वर्षांची चारिझा सगळ्यांच्या वतीनं बोलली होती. मुलं मेर्लिंदाला तिया, म्हणजे मावशी, म्हणत.

"जीपच्या थांब्यावर बाप्ये माडी पीत बसतात, तिया. शाळेतून येताना घाणेरडं बोलतात. परवा तर एकानं ज्योसीची वेणी धरली."

मेर्लिंदानं ते लिहून घेतलं. कोण कोण बसतं, हे मात्र विचारलं नाही. तिचा नवरा रुएल रोज दुपारी त्याच थांब्यावरून झोकांड्या खात घरी येई.

सभेत चारिझानं खणखणीत आवाजात कागद वाचला. दुसरी मागणी संपली तशी ती थांबली. तिनं कागद उलटून पाहिला. मागे कोरा. तिनं मेर्लिंदाकडे बघितलं.

"झालं, बाळ?" गावप्रमुख इसिद्रोनं, सगळ्या गावाच्या 'काप'नं, विचारलं. "की अजून काही आहे?"

"एवढंच, काप."

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून रुएलनं शिट्टी मारली. मग सगळे तांदळाच्या वाफवलेल्या गोड पुतोच्या ताटांकडे वळले. मेर्लिंदानं चारिझाला पायऱ्यांवर गाठलं.

"तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही काढून टाकलंत ना." चारिझा क्षणभर घुटमळली. "आता आम्ही नारळाच्या बागेतून जातो. लांब पडतं, पण चालतं. आणि तिया, आम्ही कुणालाच सांगणार नाही. तुम्हाला घरी त्रास नको."

तिनं मेर्लिंदाच्या हातावर हलकेच थोपटलं. आजारी माणसाला थोपटावं तसं.

मेर्लिंदाचे कान तापले. पोर बागेकडे वळेपर्यंत तिला मान वर करता आली नाही. मग ती सभागृहात परतली.

"काप, सभा संपलेली नाही. मुलांची एक मागणी मी खोडली होती."

तिनं ती सांगितली, मुलांच्याच शब्दांत. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रुएलचा घास हातातच राहिला.

"बस खाली, मेर्लिंदा," इसिद्रो हलक्या आवाजात म्हणाला. "हे घरात बोलायचं."

"घरातच बोलली होती पोरं. माझ्या घरात. मी ऐकलं नाही."

ती उभीच राहिली. खिडकीजवळून चारिझाची आई नेनिता उठली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण कोण बसतं तिथं? नावं सांग."

मेर्लिंदानं एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं, आणि पहिलं नाव घेतलं.