उदाहरण क्रमांक तीन

संपादकबाईंनी मसुद्याचं पान टेबलावर आपटलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"हे उदाहरण कुणी खोडलं?"

प्रोग्रामिंगच्या भाषेचे नियम ठरवणाऱ्या समितीतल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. लिहिलेला प्रोग्राम नियमांवर तपासून यंत्राला समजेल असा करणारा कंपायलर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, ज्याला सगळे लंबू म्हणत, तेवढा बोलला. "मी सुचवलंय. आज मतदान आहे त्यावर."

बाईंच्या मनात कालपासूनच पाल चुकचुकत होती. काल दुपारी भाचीचा फोन आला होता. ती इस्पितळाचं सॉफ्टवेअर लिहायची. प्रोग्राममध्ये रुग्णाची नोंद हवी होती तिथे तिने चुकून खाटेची दिली, आणि कंपायलरने हूं की चूं केलं नाही. नर्सच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात गेलं असतं. ऑफिसने सगळं खापर भाचीच्या डोक्यावर फोडलं. सोमवारी चौकशी, आणि नोकरी राहते की जाते याची धाकधूक.

"मावशी, असलं चालत नाही असं तुमच्याच नियमांच्या पुस्तकात आहे ना गं?" ती रडत रडत विचारत होती.

होतंच मुळी. उदाहरण तीन: रुग्ण आणि खाट या दोन रचना, दोन्हींच्या आत एक आकडा आणि एक नाव, तरीही त्यांचे टाइप, म्हणजे प्रकार, वेगळे, एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. आणि नेमकं तेच खोडायला हा बाबा निघालेला!

"तुमच्या कंपायलरचं पाप झाकायला पुरावाच गायब करताय की काय?"

"बाई, जरा बाहेर येता का? चहा घेऊ."

"चहाबिहा नको. जे काय असेल ते इथेच, सगळ्यांसमोर."

लंबूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सापडला बेटा, बाईंना वाटलं.

"मीच वाचते नियम," त्यांनी चष्मा चढवला. समितीत पहिल्यापासून ठरलेलं होतं: बंधनकारक असतो तो नियम, उदाहरण नुसतं समजावण्यापुरतं. हा नियम बाईंनी स्वतः लिहिलेला, तोंडपाठ, म्हणून अकरा वर्षांत पुन्हा कधी वाचलाच नव्हता.

"दोन रचनांमधले घटक आणि त्यांचा क्रम सारखा असल्यास त्या एकाच टाइपच्या मानाव्यात..."

त्यांनी ओळ पुन्हा वाचली. रचनांची नावंही सारखी हवीत, हे कुठेच नव्हतं. त्यांनी पान उलटून पाहिलं. तिथेही नव्हतं. कंपायलर नियमाला धरून वागला होता, भाची उदाहरणावर विसंबली होती, आणि दोन्ही बाईंच्याच हातचं.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"वर्ष झालं," लंबू खालच्या आवाजात म्हणाला. "नियम बदलायचा तर दोषपत्र काढावं लागतं, त्यावर लिहिणाऱ्याचं नाव येतं. संपादक म्हणून तुमची ही शेवटची आवृत्ती. म्हटलं, उदाहरण गेलं की कुणी विचारणार नाही."

बाईंना त्याचा भयंकर राग आला. मग स्वतःचा, त्याहून जास्त.

"मग उदाहरण काढायचं ना?" चिटणिसांनी घाईने विचारलं.

"हात लावू नका त्याला. ते बरोबर आहे."

बाईंनी दोषपत्राचा कोरा कागद पुढे ओढला. लिहिणाऱ्याच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव घातलं, 'दोष कधीपासून' यापुढे अकरा वर्षं लिहिलं, आणि कागद चिटणिसांकडे सरकवला.

"शिक्का मारून एक प्रत मला द्या. सोमवारी भाचीच्या साहेबांना मीच नेऊन देते."