बोळातलं उंच हँडल

तुमच्या घरी कोणाची मान दुखली तर त्याची गाडी विकायले काढतात का? आमच्या घरी काढतात. म्हणजे मान सुनेची असली तर.

माझी स्पोर्ट बाइक आहे. लग्नाच्या आधी, माझ्या पगारातून घेतलेली. नागपूरच्या मिहानमध्ये मी विमानांच्या दुरुस्तीचं काम करते, तिथं रोज हिच्यावरच जाते. आता अशा गाडीचं हँडल असते खाली. वाकून धरा, सगळा भार मनगटावर, अन् मान उचलून समोर पाहा. घरी आली की मी मान चोळत बसायची. माझ्या नवऱ्याले, रजतले, तेवढं निमित्त पुरलं.

"विकून टाकू. स्कूटी घे चूपचाप."

"मान माझी दुखून राहिली, तू काहून कण्हून राहिला?"

सासूबाईंनी, म्हणजे इंदुताईंनी, लगेच पोराची री ओढली. "अवं सोनिका, माझा अख्खा बाम संपवला तू. गाडी नाही ते, दुखणं आणून ठेवलं घरात."

रजतनं कळमन्याचं एक गिऱ्हाईक परस्पर ठरवूनही टाकलं. रविवारी पाहायले येणार. मले कोणी विचारलं? मी असं भांडली की शेजारच्या देवाजींनी टीव्ही बंद करून ऐकलं. शेवटी रजत म्हणे, "ठीक आहे. रविवारी रामटेकले जाऊन ये. परत आल्यावर मानेले हात लावला तर गाडी गिऱ्हाइकाची. नाही लावला तर मी पुन्हा विषय काढत नाही."

"शब्द?"

"शब्द."

मले काय, मी तयारच होती. उंच हँडल मी आधीच मागवून ठेवलं होतं. शनिवारी दुपारी मागच्या आंगणात गाडी लावली अन् जुनं हँडल उतरवलं. ब्रेकचा लांब पाइप टाकला, क्लचची केबल बदलली. हँडल डावीकडं पूर्ण वळवून पाहिलं, उजवीकडं वळवून पाहिलं. केबल ताणत नाही, अंगठा टाकीवर चेपत नाही. गाडीवर बसली तर पाठ सरळ! खुर्चीवर बसल्यासारखी. मी एकटीच हसली आंगणात. सासूबाई पापड उलटवता उलटवता माझ्याकडं पाहत होत्या.

सगळं मोजलं मी, पण कूलर नाही मोजला.

आमच्या आंगणातून सडकेवर जायले एकच बोळ आहे, आमची भिंत अन् देवाजींची भिंत यांच्या मधात. त्या बोळात आमच्या खोलीच्या खिडकीले लोखंडी स्टँडवर रजतचा कूलर. जुनं हँडल एवढं खाली होतं की रोज त्या स्टँडच्या खालून आरामात निघून जायचं. नवं कुठून जाईल? रविवारी सकाळी मी गाडी ढकलत आणली, अन् उजवी मूठ खटकन स्टँडच्या आत घुसली. डावी देवाजींच्या भिंतीवर. पुढं जात नाही, मागं येत नाही. गाडी सोडावी तर आडवी होईल, अन् बोळात तिले उभी करायले जागा नाही. मी धरून उभी. डोक्यावर कूलरचं पाणी टपकून राहिलं, पाठीवर मे महिन्याचं ऊन.

सडकेच्या टोकाले रजत, अन् त्याच्या बाजूले ते गिऱ्हाईक, चंद्रभान नावाचा पोट सुटलेला माणूस. दोघंही हसून राहिले.

"हे घे! बाईसाहेबांनी घरातच जहाज बांधलं, आता दारातून निघत नाही," रजत म्हणे.

"हसणं बंद कर अन् स्टँड उचलून धर."

"स्टँड भिंतीले नटानं कसलं आहे. थांब, मी हँडलच खोलतो." त्यानं समोरून हात घातला. "जुनं कुठं आहे? तेच लावून देऊ, यांनाही तसंच पाहिजे. रामटेक-बिमटेक राहू दे आता."

यानं एकदा हँडल खोललं की ते पुन्हा लागत नाही, हे मले तिथंच समजलं. अन् हात तर माझे दोन्ही गाडीत अडकलेले. मी नुसती ओरडली, "हात लावू नको!" आवाज असा फाटला की मलेच लाज वाटली. डोळ्यातून पाणी यायले लागलं, अन् पुसायचं कशानं?

तेवढ्यात कूलर बंद पडला.

लाइट गेली वाटलं. मंग खिडकीतून, कूलरच्या मागून, सासूबाईंचा आवाज आला. "रजत, पाना घे. स्टँड खोल."

"आई, मे महिना आहे! उकाड्यानं मरून जाईन मी."

"स्वयंपाकघरात कधी कूलर लावला का गा तू? मी मेली का?"

चंद्रभान उगाच मोबाइल पाहायले लागला. देवाजी खिडकीत येऊन उभे झाले, त्यांचं काही काम नव्हतं. रजतनं चार शिव्या घालत नट खोलले, कूलरचं पाणी त्याच्याच पँटवर सांडलं, अन् माझी गाडी बोळातून निघाली.

रामटेक झालं. गडाले खालूनच हात जोडले, एक चहा पिली अन् परत. मनगटं ठणठणीत. पाठ सरळ. पण मानेत, कोण जाणे, सकाळी बोळात ताणून उभी होती म्हणून असेल, डाव्या बाजूनं एक शीर धरून बसली होती. कामठीपासून मी स्वतःले बजावून राहिली होती, हात लावायचा नाही, हात लावायचा नाही.

रजत उंबऱ्यावर बनियनवर बसलेला, घामानं चिंब. चंद्रभान बाजूले, आमच्याच माठातलं पाणी पीत. दोघांची नजर माझ्या हातावर. मी हेल्मेट काढलं, बोटात अडकवलं.

"कशी झाली?" रजतनं विचारलं.

"मस्त," म्हटलं, अन् सरळ स्वयंपाकघरात गेली.

सासूबाईंनी माझ्या मागं दार लोटून घेतलं, कडी लावली. तांदळाच्या डब्यामागून बामची नवी डबी काढली.

"बस. इथंच लाव. भाईर नको लावू, कधीच."

त्यांनी स्वतःच चोळून दिलं, अगदी ती शीर धरूनच. मले हसूही येत होतं अन् रडूही. मंग त्यांनी डबी माझ्या हातात दिली, माझ्याकडं पाठ केली अन् पदर बाजूले केला.

"आता माझी कंबर चोळ," त्या हळूच बोलल्या. "अन् आवाज नको करू वं. त्याले माहीत नाही."